सकाळचा निळा

माझी काकू फुलं वाळवते. कुणाशी ओळख करून देताना काका एवढंच सांगतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबतात. समोरचा म्हणतो, "अच्छा, छंद म्हणून?" काकांना हेच हवं असतं. "छंद कसला! आमची चूल त्यावर पेटते. ही फुलांना धड मरू देत नाही आणि मी त्यांना चौकटीत कोंडतो. तुरुंग खातंच म्हणा ना."

दुकान गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर आहे. पुढच्या भागात काका असतात. लाकडी पट्ट्या, काच कापायची हिरकणी, चौकटीचे कोपरे आवळून धरणारे शिकंजे, आणि या सगळ्यावर लाकडाचा बारीक भुसा. मागच्या खोलीत काकू. तिथे भुशाचा कण गेलेला तिला खपत नाही, म्हणून मधल्या दाराला तिने जाड पडदा लावलाय. काका त्याला सरहद्द म्हणतात. पडद्याआड एक लांब टेबल, एक मोठी खिडकी, टीपकागदांच्या चवडी, स्क्रू फिरवून आवळायचे लाकडी दाब, आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेले डबे. लोक तिथे काय काय घेऊन येतात. लग्नातला गुच्छ. कुणाला तरी द्यायला घेतलेला आणि द्यायचा राहून गेलेला गुलाब. दवाखान्यात उशाशी उभं असलेलं फूल. कुणी सांगतं ते कशाचं आहे, कुणी सांगत नाही. काकू विचारत नाही. ती फूल खिडकीपाशी नेते आणि त्याचा रंग बघते.

रंग बघणं हा तिचा जुना धंदा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती रंगाच्या कारखान्यात लागली होती, शेड जुळवायला. गिऱ्हाईक पत्र्याचा तुकडा, कापडाची चिंधी, नाहीतर जुन्या दाराची ढलपी घेऊन यायचं आणि म्हणायचं, हाच रंग हवा. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब, काळ्याचा त्याहून लहान थेंब, लालाची नुसती चाहूल, असं करत ती तो रंग डब्यात उतरवायची. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रंगाचं नाव कानानं ऐकायचं नाही. कुणी पिस्ता म्हणेल, कुणी मोतिया म्हणेल. दहा माणसांचे दहा पिस्ते. कान बंद, डोळे उघडे. हे काकूच्या इतकं अंगवळणी पडलं की कापडाच्या दुकानात माणूस "आकाशी दाखवू का?" म्हणाला तर ती उत्तरच देत नाही. नुसतं बोट दाखवते.

पुढे कारखान्यात रंग मोजणारं यंत्र आलं. काकूला गोदामात बसायला सांगितलं. ती बसली नाही.

फुलांकडे ती कशी वळली, याची काकांची एक गोष्ट आहे आणि काकूची वेगळी. काका म्हणतात, त्यांनी दिलेला गुलाब तिला फेकवेना. काकू म्हणते, गुलाब कुणीही दिलेला असता तरी चाललं असतं, मला तो काळा का पडला हे हवं होतं. मी काकूचं धरते. लाल गुलाब वाळला की काळपट होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळ्यांना ते साहजिक वाटतं. काकूला वाटलं नाही. तिच्या मते रंग उगाच जात नसतो. त्याला जायला काहीतरी कारण लागतं.

कारण तिने शोधून काढलं, पुस्तकांतून आणि वाट्यांतून. फुलांमधल्या लाल, गुलाबी, जांभळ्या, निळ्या रंगांमागे बहुतेक वेळा एकाच कुळातली द्रव्यं असतात. अँथोसायनिन हे त्या कुळाचं नाव. पाकळीच्या पेशीत पाण्याची एक इवली पिशवी असते, तिच्यात ती विरघळलेली असतात. पिशवीतला रस आंबट असला की रंग लालीकडे झुकतो. आंबटपणा उतरला की जांभळ्याकडे, आणि आणखी उतरला तर निळ्याकडे. फूल मरतं तेव्हा पिशव्या फुटतात, रस सैरभैर होतो, रंगाला त्याचा आंबटपणा पुरेनासा होतो. काळा पडलेला गुलाब म्हणजे घर मोडलेला लाल. त्याला वाळण्याआधी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यातून काढलं, म्हणजे ज्यानं लिंबू आंबट होतं त्याच आम्लातून, तर तो लाल राहतो. एवढीच काकूच्या धंद्याची मेख.

गिऱ्हाइकांना ती हे असं सांगत नाही. "अँथोसायनिन ही सून आहे," असं म्हणते. "ज्या घरात जाईल तसं वागते. आंबट घरात लाल, शांत घरात निळी."

"तुझ्यासारखी," काका पडद्यापलीकडून म्हणतात.

"माझ्यासारखी नाही. मी आले आणि घराला वागणं बदलावं लागलं."

"ते मात्र खरं."

"आणि पिवळा म्हणजे जावई. कॅरोटिनॉइड. काही करा, आंबट घाला, सोडा घाला, ढिम्म. हलत नाही." यावर काकांना बोलता येत नाही, कारण ते जावई आहेत आणि खरोखरच ढिम्म आहेत. बोगनवेलीचा किरमिजी पाहून कुणी विचारलं, हाही सून का, तर काकू मान हलवते. ते वेगळंच घराणं, बीटाच्या रंगाचं. त्या दोन घराण्यांची सोयरीक कधी जमली नाही. एका झाडात दोघं नांदलेले कुणी पाहिले नाहीत.

तिला सगळ्यात आवडतो तो पांढरा. पांढऱ्या फुलात रंग नसतो असं म्हणणाऱ्याला ती अमोनियाच्या बाटलीचं बूच उघडून त्यावर एक पांढरी पाकळी धरायला लावते. वाफ लागते आणि पाकळी हळूहळू पिवळी होते. आत काहीतरी होतंच, आपल्या डोळ्यांना दिसत नव्हतं इतकंच. माणूस "अरेच्चा" म्हणतो. त्या वेळी काकूच्या चेहऱ्यावर जे असतं ते फुशारकी नव्हे. एखाद्या अबोल माणसाची आपल्या देखत कुणी विचारपूस केली की जसं बरं वाटतं, तसं काहीतरी.

तिची कामाची एक रीत आहे. टेबलावर उजव्या हाताला आम्लाची उथळ थाळी, डाव्या हाताला दाण्यांचे डबे. लाल, गुलाबी, जांभळं फूल आलं की उजवीकडे. पिवळं, पांढरं आलं की आम्ल नाही, थेट दाण्यांच्या डब्यात. निळी फुलं क्वचित येतात. त्यांना आम्ल दाखवायचंसुद्धा नाही. कोमट टीपकागदात, झटपट, त्यांना मरण कळायच्या आत. इतक्या वर्षांत हात इतके सरावलेत की डोळा रंग बघतो आणि हात आपला आपण उजवीकडे किंवा डावीकडे जातो.

एके दिवशी सकाळी काकू दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. ती नसताना एक गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, बुटके, मनगटांवर जुन्या भाजल्याचे डाग. पलीकडच्या चौकातल्या बेकरीत भट्टीवर काम करतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातात झाकणाचा एक डबा होता आणि डब्यात ओल्या फडक्यावर एकच फूल, भोंग्याच्या आकाराचं. मॉर्निंग ग्लोरी म्हणतात त्या वेलीचं. काकांनी डबा घेतला, नाव लिहून घेतलं, रविवारच्या आत हवंय हे ऐकून मान हलवली आणि डबा पुढच्या फळीवर ठेवून दिला. तिथे दुपारपर्यंत ऊन येतं.

काकू परतली ती गाल सुजवून. जेवण नाही, बोलणं नाही. दुपार कलल्यावर ती कामाला बसली तेव्हा काकांनी पडदा बाजूला करून डबा आत सरकवला.

"निळं फूल आलंय हं."

काकूनं झाकण उघडलं. फूल मऊ पडलं होतं, कडा आत वळू लागल्या होत्या. तिने ते तळहातावर घेऊन खिडकीपाशी धरलं. जांभळट गुलाबी.

"अहो, हे निळं?" तिच्या तोंडातून शब्द अर्धे बाहेर येत होते.

"निळंच आहे. मी बघितलंय."

"तुम्ही मोरपंखीला हिरवा म्हणता."

"अगं, त्या माणसानं झाकण उघडलं तेव्हा निळं होतं. आभाळासारखं."

"कुठल्या आभाळासारखं? सकाळच्या, दुपारच्या, की पाऊस यायच्या आधीच्या?"

"तुझा दात काढला की जिभेला धार लावून दिली?" काका म्हणाले आणि सरहद्दीपलीकडे निघून गेले.

कान बंद, डोळे उघडे. काकूनं जे बघितलं त्यावर हात उजवीकडे गेला. थाळीतल्या पाण्याला स्पर्श होताच फुलातला जांभळेपणा विरून गेला आणि खालून असा स्वच्छ गुलाबी वर आला की तीही क्षणभर बघत राहिली. तान्ह्या बाळाच्या टाचेचा असतो तसा. तिने कुंचल्याच्या टोकानं पाकळीची एकेक सुरकुती पाण्यावर उलगडली, खालून कागद सरकवून फूल अलगद उचललं, देठाकडची नळी कापून बाजूला ठेवली आणि फूल दाबात घातलं. काम मनासारखं झालं होतं.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास बेकरीवाले पुन्हा आले.

"ताई आल्या का? एक सांगायचं राहिलं होतं."

काकू हात पुसत बाहेर आली. त्यांनी बसायला दिलेल्या स्टुलावर बूड टेकवलं, पण अर्धंच.

"फूल निळंच राहील ना? तेवढं एक बघा. लहानमोठं झालं तरी चालेल, चुरगळलं तरी चालेल."

काकू बोलली नाही. त्यांना वाटलं, ती ऐकतेय. मग त्यांनी सांगितलं.

वेल त्यांच्या बायकोनं लावली होती, गॅलरीच्या कठड्याला. ती म्हणायची, फूल निळं आहे. हे म्हणायचे, गुलाबी आहे, फार तर जांभळट. भट्टी पहाटेच्या आधी पेटवावी लागते, त्यामुळे हे अंधारात घराबाहेर पडायचे आणि दुपार उलटल्यावर घरी यायचे. तेव्हा त्यांना कठड्यावर दिसायचं ते मिटत चाललेलं गुलाबी फूल. वर्षानुवर्षं हे भांडण चाललं. लेक लहान होती तेव्हा ती आईच्या पक्षात, म्हणजे घरात दोन विरुद्ध एक. बायकोनं फोनवर फोटो काढून पाठवले. हे म्हणाले, फोनमधले रंग खोटे असतात.

"ते असतात," काकू हळूच म्हणाली.

"तुला सगळंच निळं दिसतं, असं चिडवायचो मी तिला. गंमतच होती हो. भांडण म्हणजे काही खरं भांडण नव्हे." ते मनगटावरचा डाग चोळत राहिले. "सुट्टीच्या दिवशी मी बारा वाजेस्तोवर झोपायचो. ती सकाळी यायची उठवायला. चला, आत्ता बघा, आत्ता निळं आहे. मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. एकदा नाही, दर वेळी."

काकांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"ती जाऊन महिना झाला. दवाखान्याच्या धावपळीत वेलीला पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. वेल वाळली. एकच कळी उरली होती. आज कामावर जावंसं वाटलं नाही, चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो, तर समोर हे." त्यांनी हात हवेत नुसता उघडला. "निळं. इतकं निळं की मला आधी कळेना, मी काय बघतोय."

"बिया धरल्या असतील की वेलीला," काका म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

"आहेत. लावीनही. पण ती माझी वेल होईल हो. ही तिची होती." ते उठले. "लेक रविवारी येतेय. तिला दाखवायचंय. म्हणायचंय की बाई, तुझ्या आईचं खरं होतं. तेवढं एकदा म्हणायचंय."

"शनिवारी या," काकू म्हणाली. बाकी काही तिच्या तोंडून निघालं नाही. गाल सुजलेला होता, ते निमित्त बरं झालं.

ते गेल्यावर काका म्हणाले, "मी सांगितलं होतं तुला." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "डबा उन्हात ठेवला मी, ते माझंच चुकलं."

काकूला त्या वेलीबद्दल माहीत होतं. हेच तिला जास्त लागलं. पुस्तकात वाचलं होतं तिने, खूणही करून ठेवली होती. कळीत रस आंबट असतो आणि कळी लालसर. पहाटे फूल उमलतं तेव्हा झाड मुद्दाम खटपट करून त्या इवल्या पिशव्यांमधला आंबटपणा कमी करतं. रंगद्रव्य तेच, पण ते निळं होतं. दुपारनंतर झाडाची ती खटपट थांबते, आंबटपणा परत येतो, फूल गुलाबी होऊन मिटतं. घड्याळाबरोबर रंग बदलणारं फूल. इतकं अल्पायुषी फूल वाळवायला कुणी आणत नाही, त्यामुळे तिने ते हातात कधी घेतलंच नव्हतं. आणि घेतलं तेव्हा तिने अगदी नेमक्या डोळ्यांनी चुकीच्या वेळी बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने दाब उघडला. फूल सुरेख वाळत होतं. सुरेख आणि गुलाबी. तिने कापून ठेवलेल्या नळीचे लहान लहान तुकडे केले आणि प्रयोग मांडला. एका तुकड्याला खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा स्पर्श केला. तो निळा झाला खरा, पण ओलीनं विरघळून त्याचा लगदा झाला. दुसऱ्या तुकड्याला अमोनियाची वाफ दिली, जरा जास्तच. तो निळा झाला, मग हिरवट, मग पिवळा, आणि पिवळ्यावरून मागे फिरलाच नाही. तिसऱ्याला अगदी थोडी वाफ दिली. तो निळा झाला आणि उघड्यावर ठेवताच वाफ उडून पुन्हा गुलाबी झाला. चौथा तिने लहान बाटलीत, वाफेसकट, बूच लावून ठेवला. तो निळा राहिला. पण काकूला ठाऊक होतं, रंगाला त्याच्या स्वभावाविरुद्ध फार दिवस बसवून ठेवलं की तो आतून मोडायला लागतो. आधी कडेनं तपकिरी, मग सगळाच.

काका पडद्यात डोकं घालून हे बघत होते.

"मी एक सुचवू?"

"नको."

"ऐक तरी. रोपवाटिकेत तीच वेल मिळते. उद्या पहाटे जातो, ताजं फूल आणतो, तू लगेच दाबात घाल. निळंच्या निळं राहील. त्याला काय कळणार?"

"त्याला नाही कळणार."

"मग?"

"मला कळेल ना." काकूनं बाटली उजेडात धरली. "आणि तुम्हालाही. तुमच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या वेळी पाव आणायला जाल आणि सांगून याल."

काका हसले नाहीत. "त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होतो," एवढंच म्हणाले.

"त्याला तिचं फूल हवंय. निळं फूल कुठेही मिळतं."

शनिवारी बेकरीवाले आले तेव्हा काकूनं त्यांना सरहद्दीच्या आत बोलावलं. गिऱ्हाइकाला ती आत घेत नाही. त्यांनी कुणी न सांगताच दाराशी चपला काढल्या. तिने टीपकागद उघडून फूल त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या हातून चूक झाली. ह्यांनी निळं म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आम्लातून काढलं."

त्यांनी फुलावर वाकून बघितलं.

"हा तर माझा रंग," ते म्हणाले. मग मान वर करून, "म्हणजे मीच जिंकलो की."

बाहेर काकांची करवत चालू व्हायला हवी होती, ती बंद होती.

काकूनं मग त्यांना ती लहान बाटली दाखवली, आतला निळा तुकडा दाखवला, आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. चौकटीत घातलं तर हे फूल असंच गुलाबी राहील, वर्षानुवर्षं. ते काम मला येतं. निळं हवं असेल तर हवाबंद बरणीत, वाफेत ठेवावं लागेल. रविवार निघेल. पुढचा आठवडा कदाचित निघेल. त्यानंतर ते निळंही राहणार नाही आणि गुलाबीही नाही. फूलच राहणार नाही म्हणा ना.

"दोन्ही नाही जमणार?"

"नाही. एकदा आत गेलं की मागे फिरवता येणार नाही."

ते खिडकीबाहेर बघत बसले. समोरच्या इमारतीत कुणी बाई चादर झटकत होती. काकूनं घाई केली नाही. तिला वाटत होतं, हे चौकट म्हणणार. सगळे चौकटच म्हणतात. राहावं म्हणूनच तर लोक तिच्याकडे येतात.

"ताई, गुलाबी तर मी रोज बघत होतो," ते म्हणाले. "निळं करा."

"विचार करा. उरणार काही नाही."

"केला."

काकूनं रुंद तोंडाची बरणी घेतली, तळाशी कापसाचा बोळा ठेवला, त्यावर जाळी, जाळीवर फूल. आयुष्यभर तिने जे केलं ते टिकावं म्हणून केलं होतं. टिकणार नाही हे ठाऊक असून एखादी गोष्ट करायची, तर बोटांना कळेना किती हलकं व्हायचं. तिने ड्रॉपर अमोनियानं भरला आणि थांबली. नेमका कोणता निळा, हे तिला माहीत नव्हतं. ते फूल निळं असताना तिने पाहिलंच नव्हतं. काकांच्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, आणि ते नीट पाहिलेला तिथे दुसरा एकच माणूस होता.

"तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी थेंब सोडते. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा."

"मी? अहो, मला रंगातलं काय कळतं!"

"तुम्ही बघितलंय. मी नाही."

पहिला थेंब कडेनं कापसावर पडला. फुलाच्या कडा जांभळट झाल्या. ते स्टुलावरून उठून बरणीवर वाकले, इतके की त्यांच्या श्वासाचं धुकं काचेवर आलं. त्यांनी बाहीनं पुसलं. दुसरा थेंब. जांभळा मधल्या भागाकडे सरकला आणि कडा निवळल्या.

"थांबू?"

"नाही. हा अजून संध्याकाळचा आहे."

तिसरा थेंब काकूनं निम्माच सोडला. आता सगळं फूल एका दमात निळं होत गेलं, खोलीतला उजेड बदलावा तसं.

"अजून थोडं," ते म्हणाले. "तो असा होता की... दुधासारखं काहीतरी होतं त्यात. नाही नाही, थांबा. थांबा! पुरे."

काकूनं झाकण फिरवलं आणि कडेनं मेण ओतलं. रंग कुठल्या नावाचा होता ते तिने ठरवलं नाही. तिच्या डोळ्यांना वाटत होतं की आणखी अर्ध्या थेंबाची जागा आहे. ती बोलली नाही.

बरणी दोन्ही हातांत धरून ते निघाले. काकांनी त्यांना दार उघडून दिलं आणि चौकापर्यंत सोबत केली, रस्ता ओलांडताना धक्का लागू नये म्हणून. परत आल्यावर काका म्हणाले, "वाटभर बरणी डोळ्यांसमोरच. नुसता बघत होता. दोनदा खांबावर आपटला असता."

रविवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. काकूनं घेतला. पलीकडे बेकरीवाले होते, आवाज चढलेला.

"ताई, तुम्हीच सांगा हिला! माझी लेक म्हणते, हा निळा नाही. म्हणते, आईचा याहून निळा होता. हा म्हणे जांभळ्यात जातोय."

मागून बाईचा आवाज आला, "बाबा, मी सोळा वर्षं रोज सकाळी बघितलाय. तुम्ही एकदा बघितलात!"

"एकदाच बघितलाय, म्हणून तर पक्का लक्षात आहे! ताई, सांगा ना."

"तिचं खरं आहे," काकू म्हणाली. "अर्धा थेंब कमी पडला."

"बघा!" लेक ओरडली.

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" ते म्हणाले, आणि ते हसत होते की काय, फोनवर नीट कळेना. मग त्यांना काकूचा विसर पडला. लेक म्हणत होती, बरणी खिडकीशी न्या. ते म्हणत होते, खिडकीशी नको, तिकडे ऊन आहे. ती म्हणत होती, आईनं ती वेल आणली तेव्हा तुम्ही घरी तरी होतात का. ते म्हणत होते, मीच तर कुंडी वर चढवली होती. त्यांच्यात कोण बरोबर आणि कोण चूक, हे आता कुणाला ठरवायचं नव्हतं.

काका पडद्यातून डोकावले. "काय म्हणतायत?"

काकूनं ओठांवर बोट ठेवलं आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून ऐकत राहिली.